वाकडं विकत

फौजदारणीने निळ्या चौकटीवर बोट आपटलं, जराशी थांबली, मग हिरव्या चौकटीवर आपटलं. टक. धप्. परत टक, परत तेवढंच थांबणं, परत धप्. चार पावलं झाली तसा तिने हात मांडीवर घेतला आणि पाटी काय म्हणते ते ऐकायला मान पुढे केली.

पाटी म्हणाली, टक धप् टक धप् टक धप् टक धप्. कवायतीला निघालेल्या शिपायासारखं, एकाला एक लावून.

"अगं बये, मी असं वाजवलं का?"

पाटी आपली वाजतच राहिली. फौजदारणीने तिला उताणीची पालथी केली, तरी ती पालथी पडून वाजत होती.

फौजदारीण हे गल्लीने ठेवलेलं नाव. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पाटी हे मात्र तिने ठेवलेलं नाव. लेक त्याला टॅब म्हणायची. तिसरीत असताना फौजदारणीची पाटी फुटली ती फुटली, दुसरी कुणी आणून दिली नाही आणि शाळाही तिथेच सुटली. साठ वर्षांनी हातात पुन्हा काळी, गुळगुळीत पाटी आली, तर तिला दुसरं काय म्हणायचं?

आली तीसुद्धा औषध म्हणून. दोन महिन्यांपूर्वी स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडलं होतं. दिवा बदलायला चढले होते, असं तिने सगळ्यांना सांगितलं. प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं, पण पहिलं बोट खुंटीसारखं ताठ राहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, हे बोट दिवसातून साठ वेळा वाकवायचं.

"साठ वेळा बोट उगारू कुणावर?" फौजदारीण म्हणाली होती. "घरात आहे कोण?"

लेक दूरच्या शहरात इस्पितळात नर्स होती. चार दिवसांची रजा काढून आली तेव्हा तिने पाटी आणली आणि त्यात रंगीत चौकटींचं एक अ‍ॅप घालून दिलं. प्रत्येक चौकटीत एक आवाज. कुठे ढोल, कुठे टाळी, कुठे घंटा, कुठे नुसताच लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. आपण बोटाने वाजवायचं, पाटी लक्षात ठेवायची आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची.

"ह्याला लूप म्हणतात, आई."

"लूप मला शिकवतेस? चाळीस वर्षं लूप शिवलेत मी."

ते खरंच होतं. बूट चढवताना बोट अडकवून ओढायला टाचेमागे जी चामड्याची कडी असते, तिला त्यांच्या दुकानात लूप म्हणायचे. नवरा बूट बांधायचा आणि ती घरी बसून वरच्या चामड्याचं शिवणकाम करायची. तिच्या हातचा लूप तुटलाय म्हणून गिऱ्हाईक कधी परत आलं नाही. बूट फाटायचा, लूप राहायचा.

पहिले तीन दिवस ती मोजून साठ वेळा बोट आपटत होती, कोळसे फोडल्यासारखी. चौथ्या दिवशी निळ्या चौकटीमागोमाग हिरवी वाजली, आणि बोट तिथेच थांबलं. निळी म्हणजे कोरडं टक. हिरवी म्हणजे जड, दबका धप्. तिने हळूच मागे वळून दाराकडे बघितलं.

दार बंद होतं. सव्वा वर्ष ते सात वाजता उघडलेलं नव्हतं.

नवऱ्याला सगळे कारागीर म्हणायचे. त्याचा उजवा पाय लहानपणापासून दोन बोटं आखूड. त्याने स्वतःसाठी बूट बांधला होता, उजव्याचा तळ डाव्यापेक्षा दोन बोटं जाड. दुकान बंद करून रोज संध्याकाळी सातला तो जिना चढायचा, दार लोटायचा आणि लाकडी फळ्यांवरून खिडकीपाशी जायचा. डाव्याचा टक. मग उजव्याचा धप्, पण लगेच नाही. जरासा उशिरा. बोलता बोलता माणूस एखादा शब्द आठवायला थांबतं, तेवढा उशिरा.

"अहो, नीट चाला," ती म्हणायची. "लोक बघतात."

"बघू देत की. बूट मीच बांधलेत. फुकटात जाहिरात होते."

"जाहिरात कसली? लंगड्याकडून बूट घेतो का कुणी?"

"तू नाही का घेतलास लंगडाच?"

हे असं चाळीस वर्षं. आणि आता सातला घरात काही वाजत नसे. ती रेडिओ लावून बघत असे, पण रेडिओतला माणूस जिना चढून येत नाही.

म्हणून तिला तो टक आणि तो धप् हवा होता. मधल्या त्या थांबण्यासकट. आणि नेमकं तेवढंच ही पाटी खाऊन टाकत होती.

तिने लेकीला फोन लावला.

"ते बरोबर करतंय गं."

"मग चांगलंय की!"

"काय चांगलंय? मी उशिरा मारते, ते वेळेवर वाजवतं."

"नवशिक्यांसाठी आहे ते, आई. ठेका चुकला तर आपोआप सुधारतं. म्हणजे कुणाचंच वाईट वाजत नाही."

"माझं चुकलेलं नाही."

"बरं."

"बरं काय बरं? ते सुधारणं बंद कर म्हणावं त्याला."

लेकीने तिकडे तिच्या फोनवर काहीतरी शोधलं. मागे कुणीतरी तिला हाका मारत होतं.

"ते बंद करायला पैसे भरावे लागतात. फुकटातल्यात होत नाही."

"म्हणजे नीट फुकट आणि वाकडं विकत?"

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसू संपता संपता खोकला आला. "भरू का मी? थोडेच आहेत."

"काही नको. वाकडेपणा मला घरचा आहे, विकत कशाला घेऊ?"

"पण एवढं वाजवतेस तरी काय?"

"बोटाचा व्यायाम."

"बरं. आणि दिवाबिवा गेला तर शेजारच्यांना सांग. स्टुलावर चढायचं नाही."

"नाही चढत," फौजदारीण म्हणाली. ती कपाटाच्या माथ्याकडे बघत होती.

पाटीच्या तळाशी एक लाल ठिपका होता. आजवर तिने त्याला हात लावला नव्हता, लाल म्हणजे धोक्याचं असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी रागारागात तो दाबला गेला.

"आता हे काय लाल?" ती म्हणाली.

आता हे काय लाल, पाटी म्हणाली. आता हे काय लाल. आता हे काय लाल.

फौजदारीण ऐकत राहिली. आपला आवाज एवढा चढा आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? साधं लालाबद्दल विचारलं होतं, तर ऐकणाऱ्याला वाटावं लालाने काही चोरलंय. तिने दोन-तीनदा तेच पुन्हा हळू आवाजात म्हणून बघितलं. जमलं नाही.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चौकटींवर बोट मारलं की पाटी सुधारते. लाल ठिपका दाबला की मात्र जसं ऐकते तसं ठेवते, वाकडं तर वाकडं.

मग तिने खुर्चीचा पाय आपटून बघितला. कारागिराची हातोडी आपटून बघितली. पाटा बडवून बघितला. टक कसाबसा जमायचा, धप् मात्र कशातच नव्हता. तो धप् एकाच वस्तूत होता, आणि ती वस्तू कपाटाच्या माथ्यावर खोक्यात होती.

तिथे पोचायलाच ती दोन महिन्यांपूर्वी स्टुलावर चढली होती. दिवा काही गेलेला नव्हता.

ह्या वेळी तिने छत्री घेतली. ती उलटी धरून मुठीने खोकं ओढलं, ते धाडकन खाली आलं आणि झाकण उडालं. बूट पॉलिश केलेले होते. जायच्या आदल्या दिवशीही त्याने ते पॉलिश केले होते.

ती पलंगावर टेकली आणि उजवा बूट पायाजवळ घेतला. लूपमध्ये पहिलं बोट घालायला गेली, तर बोट वाकेना. आपणच शिवलेल्या लूपमध्ये आपलंच बोट जाईना. मधलं बोट घालून, दात-ओठ खाऊन तिने बूट चढवला. मग डावा. आत पाय डुगडुगत होते, म्हणून पुढे कापडाचे बोळे घातले. मग ती उभी राहिली.

उजवी कंबर वर गेली. सगळं अंग डावीकडे कललं. तिने पलंगाचा दांडा पकडला.

ज्या बुटाने तो सरळ व्हायचा, त्याच बुटाने ती लंगडी झाली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आरसा होता. त्यात न बघता ती दारापर्यंत गेली. टक. मग तो जड पाय उचलून पुढे टाकायचा, तो एकदम पडत नाही, कंबरेतून आणावा लागतो. धप्. त्या मधल्या वेळात काय असतं ते तिला चाळीस वर्षांनी कळत होतं. खिडकीपाशी पोचेपर्यंत तिला घाम फुटला.

पुढचे सहा दिवस दुपारच्या वेळी तिने तेच केलं. पाटी जमिनीवर, लाल ठिपका दाबलेला, आणि ती दारापासून खिडकीपर्यंत. पाटी आपल्याच मापाने तुकडा कापायची आणि कधी शेवटचा धप् अर्धा तुटायचा. कधी तिचा पदर बुटात अडकायचा, आणि त्यावरची शिवी लूपमध्ये जाऊन बसायची. एकदा सगळं छान जमलं होतं, तर शेवटी गल्लीतला भंगारवाला ओरडला, आणि मग कारागिराच्या प्रत्येक फेरीला भंगारवाला ओरडायला लागला. "मेल्या, आत्ताच मिळालं?" असं ती खिडकीतून म्हणाली. त्याने मान वर करून विचारलं, "काय काढलंय, मावशी?" "तुझा जीव," असं सांगून तिने खिडकी लावून घेतली.

सातव्या दिवशी जमलं. आठ पावलं, कपाटापाशी फळी कुरकुरते तीसुद्धा.

पाटीचा आवाज चिमणा होता, म्हणून तिने पत्र्याची रिकामी पेटी जमिनीवर ठेवली आणि पाटी तिच्या आत. सातला पाटी सुरू केली आणि दाराकडे पाठ करून आपल्या खुर्चीवर बसली, सुई-दोरा घेऊन, पूर्वी बसायची तशी. पेटी घुमली. टक. धप्. टक. धप्.

"आलात?" ती न वळता म्हणाली. "पाय पुसून घ्या."

आणि तेवढ्यात खालून वाजलं. ठक ठक.

सुई हातातच राहिली. हा आवाजसुद्धा सव्वा वर्ष ऐकला नव्हता.

खाली टायपिस्ट राहायची, एकटी. फौजदारीण तिला फक्त खालची म्हणायची. खालची दुपारी वकिलांकडे कागद पोचवायला जायची, बाकी वेळ घरी बसून ते टाइप करायची, आणि वर धप् झालं की तिचं अक्षर चुकायचं म्हणे. मग ती झाडूचा दांडा छताला मारायची, ठक ठक. त्यावरून जिन्यात एकदा भांडण झालं. "पाय आखूड आहे त्यांचा, कापून देऊ का?" असं फौजदारीण म्हणाली, आणि त्याला अकरा वर्षं झाली. बोलणं बंद, दांडा चालू. कारागीर हसायचा. "बाई घड्याळासारखी आहे," म्हणायचा.

तो गेला त्या दिवशी खालची वर आली होती. दारात उभी राहिली, हातात काही नाही. फौजदारणीने मान वर करून विचारलं होतं, "आलात कशाला? आता निवांत टाइप करा." खालची तशीच मागे वळून जिना उतरली होती.

ठक ठक. सवयीप्रमाणे दोनदाच.

"दांडा शाबूत आहे म्हणायचा अजून," फौजदारीण म्हणाली, आणि तिने पाटी बंद केली नाही.

त्यानंतर रोज सातला पाटी वाजली आणि रोज दांडा वाजला. एक अडचण होती. कारागीर यायचा आणि खिडकीपाशी पोचून थांबायचा. पाटीतला कारागीर नुसता येतच राहायचा, पोचायचाच नाही. सात-आठ फेऱ्या झाल्या की तिला धाप लागल्यासारखं व्हायचं आणि ती उठून पाटी बंद करायची. पण दांडा वाजण्याआधी तिने ती कधी बंद केली नाही. आठवडाभरात तिची खुर्चीही खिडकीजवळून सरकत सरकत कपाटापाशी आली होती, जिथे खालून दांडा वाजायचा बरोबर त्या फळीजवळ. तिला कुणी विचारलं असतं तर तिने उजेडाचं कारण सांगितलं असतं.

दहाव्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बोट कसंय?"

"वाकतंय. बटण लागतं आता."

"आणि वाजवणं?"

"चाललंय. ते पुसून-बिसून जात नाही ना गं?"

"नीट जपून ठेवलंस तर नाही जायचं."

जपून ठेवायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. फोन ठेवून तिने चष्मा लावला आणि पाटी मांडीवर घेतली. अक्षरं परकी होती, चित्रं तेवढी ओळखीची. कोपऱ्यात एक डबा काढलेला होता, छान झाकणाचा. ह्या घरात जे जे जपायचं ते डब्यात जायचं. सुया डब्यात, औषधं डब्यात, लेकीच्या दुधाच्या दातांची पुडीसुद्धा डब्यात. तिने लूपवर बोट ठेवलं आणि मग डब्यावर. पाटीने काहीतरी विचारलं. खात्री आहे का, असंच विचारलं असणार. "आहे तर," म्हणत तिने मोठं बटण दाबलं.

चौकट रिकामी झाली.

तिने डबा उघडायचा प्रयत्न केला. डबा उघडत नव्हता. तिने लेकीला परत फोन लावला.

"अगं, मी डब्यात ठेवलं, आता काढू कसं?"

"कुठल्या डब्यात?" लेक म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "आई, तो कचऱ्याचा डबा आहे."

फौजदारणीने रिकाम्या चौकटीवर बोट दाबून बघितलं.

"परत येत नाही ते. काय होतं त्यात?"

"व्यायाम."

"मग पुन्हा कर की. पाच मिनिटांचं काम."

"हो. पाच मिनिटांचं."

तिने फोन ठेवला. पावणेसात झाले होते. बूट पलंगाखाली होते, पाटी मांडीवर होती, लाल ठिपका होता तिथेच होता. हात मात्र पुढे होईना. आपल्याच हाताने, वर खात्री आहे म्हणून सांगून, तिने त्याला कचऱ्यात टाकलं होतं. ती खुर्चीवर बसून राहिली. सुईत दोरा ओवलेला नव्हता. सात वाजले. गल्लीत कुणीतरी दुकानाची फळी लावली. सात वाजून पाच झाले.

ठक ठक.

"आता काय?" ती जमिनीकडे बघून ओरडली. "आता कुठे काय वाजतंय? गप्प बसले तरी तुमचं अक्षर चुकतं का?"

खाली शांत झालं. तिचा तो चढा आवाज खोलीत तसाच राहिला आणि तिला तो ऐकू आला.

थोड्या वेळाने खालून पुन्हा वाजलं. हळू.

ठक.

मग लगेच नाही. एखादा शब्द आठवायला माणूस थांबतं, तेवढं थांबून.

ठक.

फौजदारीण बसल्या जागी वाकली आणि फळीवर तळहात ठेवला. पुन्हा तसंच आलं, फळीतून हातात. पहिला सरळ, दुसरा उशिरा. सुधारलेला नव्हता.

ती उठून पलंगापाशी गेली. बूट बाहेर ओढले, बोळे ठाकठीक केले. पहिलं बोट उजव्या बुटाच्या लूपमध्ये घातलं, ते वाकलं, अडकलं, आणि तिने ओढलं. लूप तुटला नाही. मग डावा. उभी राहिली, कलली, ह्या वेळी पलंगाचा दांडा धरला नाही.

टक. धप्. ती खिडकीकडे गेली नाही. दार उघडलं, कठड्याला धरून एक पायरी उतरली, मग दुसरी. काय बोलायचं ते तिला सुचलेलं नव्हतं, आणि हळू आवाजात काही म्हणायची तिला सवय नव्हती.

पाचव्या पायरीवर होती, तेव्हा खालच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.